घरचं नेटवर्क: जे हलत नाही त्याला वायर

‘वायफाय असताना घरभर वायर कशाला?’ हे मला अजूनही अधूनमधून ऐकावं लागतं, आणि काही वर्षांपूर्वी मीच ते विचारत होते. मग घरात दोघांच्या मीटिंगा, एकाचा ऑनलाइन वर्ग आणि हॉलमधला टीव्ही हे सगळं एकाच वेळी सुरू व्हायला लागलं. रोज कुणाचा ना कुणाचा आवाज तुटायचा. इंटरनेटचा प्लॅन वाढवून पाहिला, ढिम्म फरक पडला नाही. पडणार कसा? बाहेरून येणारं इंटरनेट पुरेसं होतं, गर्दी झाली होती ती घरातल्या हवेत.

वायफायची एक खोड कळली की पुढचं सगळं सोपं जातं. ढोबळमानाने, एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकच उपकरण बोलतं. बाकीची कानोसा घेत थांबतात आणि हवा मोकळी झाली की आपला नंबर लावतात. लांबच्या खोलीत अंधुक सिग्नलवर असलेला फोन तेवढीच माहिती फार सावकाश पाठवतो, आणि तो उरकेपर्यंत राउटरशेजारचा लॅपटॉपही ताटकळतो. वायरचं तसं नाही. स्विचला, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला, जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा रस्ता मिळतो, त्यातही जाण्याचा आणि येण्याचा वेगळा.

म्हणून माझा नियम साधा आहे: जे जागचं हलत नाही त्याला वायर, आणि हवा ठेवायची हातात घेऊन फिरायच्या वस्तूंसाठी. टीव्ही वायरवर गेला की टीव्हीपेक्षा जास्त फायदा घरातल्या फोनांचा होतो.

आधी कागद-पेन्सिल

घराचा ओबडधोबड नकाशा काढा. इंटरनेटची लाइन कुठून आत येते तिथे खूण करा. मग न हलणाऱ्या वस्तू मांडा: टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, फायली साठवायचा नॅस, प्रिंटर. प्रिंटरला वायर नसली तरी फारसं बिघडत नाही, पण बाकीच्यांना हवीच.

आता फोनमध्ये वायफायच्या सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि खोलीखोलीत फिरा. आकडे उणे असतात. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या पलीकडे आशा सोडा. हे आकडे त्या त्या खोलीत लिहा, दार लावून आणि उघडून असे दोन्ही. फोनवरच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका. चार दांड्या म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

जिथे आकडा वाईट आहे तिथे दुसरा वायफायचा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, लागणार. आणि हा डबासुद्धा न हलणारी वस्तूच आहे! टीव्हीला वायर देणारे लोक नेमके इथे चुकतात: दुसरा डबा म्हणून रिपीटर आणतात आणि तो नुसता सॉकेटात खोचतात. रिपीटर जे ऐकतो ते पुन्हा हवेतच बोलतो. दोन्ही कामं एकाच बँडवर, म्हणजे वायफायच्या एकाच वारंवारतेवर, होत असतील तर हातात येणारा वेग जवळपास निम्म्यावर येतो. दुसऱ्या डब्यापर्यंत केबल नेली की ही अडचणच राहत नाही. पैसे आणि कष्ट यातून एकच वायर ओढता येणार असेल, तर ती टीव्हीकडे नका नेऊ, दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे न्या.

सामान

इंटरनेट कंपनी जो डबा लावून जाते तो बहुतेक वेळा एकटाच चार कामं करतो. बाहेरच्या लाइनचं भाषांतर करतो ते मोडेमचं काम, फायबर असेल तर त्या डब्याला ओएनटी म्हणतात. एकच कनेक्शन घरातल्या सगळ्यांना वाटून देतो ते राउटरचं. मागे केबल खोचायचे चार पोर्ट असतात तो स्विच. आणि अँटेना म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट. नवख्यांचा निम्मा गोंधळ ही चार कामं एकच समजल्यामुळे होतो.

त्या डब्याचे पोर्ट नीट बघा. काहींवर एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटांचा, असतो आणि उरलेले १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटांचे. तसं असेल तर गिगाबिटच्या पोर्टातून एकच केबल काढा आणि पुढे स्वतःचा गिगाबिट स्विच लावा. घरासाठी साधा, कुठलीही सेटिंग नसलेला अनमॅनेज्ड स्विच पुरतो. पाच नको, आठ पोर्टांचा घ्या. एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या केबलमध्ये जातो, आणि उरलेले चार कधी भरतात ते कळतही नाही.

केबलमध्ये कॅट ५ई दर्जाची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. कॅट ६ त्याच लांबीला तेवढंच आरामात देते, आणि साधारण ५५ मीटरच्या आत १० गिगाबिटही झेपवते. भिंतीत जाणारी केबल पुन्हापुन्हा बदलली जात नाही, म्हणून तिथे कॅट ६ घाला. त्यापुढचे मोठे आकडे घरासाठी विसरा. आकड्यापेक्षा धातू बघा: तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबली ‘सीसीए’ नावाने विकल्या जातात. त्या ठिसूळ असतात आणि रोधही जास्त. तारेचं टोक ब्लेडने खरवडा; आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर परत करा. याच केबलमधून कॅमेऱ्याला किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटला वीजही पुरवणार असाल, म्हणजे पीओई वापरणार असाल, तर सीसीए नकोच, ती तापते.

भिंतीतून जाते ती केबल एकसंध तारेची असते. भिंतीपासून टीव्हीपर्यंत येते ती पॅच कॉर्ड बारीक तारांच्या पुंजक्याची, म्हणून लवचीक. दोघींची कामं वेगळी, अदलाबदल करू नका.

वायर ओढणं

भिंतीत रिकामा पाइप असेल तर तुमचं नशीब. स्प्रिंग घालून केबल ओढा, आणि एक ओढायची तिथे दोन ओढा. दुसरीचे कष्ट जवळपास शून्य असतात. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी मारली की झालं. भाड्याच्या घरात ती चिकटपट्टीवरही टिकते.

विजेच्या वायरच्या पाइपातून नेटवर्कची केबल कधीही नेऊ नका. सिग्नलमधली खरखर नंतरची गोष्ट, तिथे इन्सुलेशन सोललं गेलं तर जिवाशी गाठ आहे. दोन्ही शेजारून समांतर जात असतील तर वीतभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. कोपऱ्यावर केबल दुमडू नका. वळण निदान केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं हवं, म्हणजे कॅट ६ ला साधारण अडीच सेंटीमीटर. दोन्ही टोकांना हातभर केबल जास्त ठेवा. आणि ओढायच्या आधीच दोन्ही टोकांवर एकच क्रमांक लिहा. नंतर लिहू म्हणून ठेवलेले क्रमांक कुणीही लिहीत नाही.

केबल घराबाहेरून, दुसऱ्या इमारतीकडे न्यायची असेल तर तांबं टाळा. वीज कडाडली तर ती त्या तारेवरून दोन्हीकडचे डबे घेऊन जाऊ शकते. अशा ठिकाणी फायबर.

वायर नेणं अगदीच अशक्य असेल तर विजेच्या सॉकेटातून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मिळतात. त्यांचा वेग घराच्या वायरिंगवर आणि त्या क्षणी सुरू असलेल्या मिक्सरवर अवलंबून असतो. परत करता येणार असतील तरच घ्या.

टोक बांधणं

भिंतीतल्या केबलच्या टोकाला नेटवर्कचं सॉकेट लावणं सर्वांत चांगलं. सॉकेटवर रंग छापलेले असतात, ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन ओळी. ‘बी’ घ्या, आणि घरभर ‘बी’च ठेवा. पण कधीतरी आठ पिनांचा आरजे ४५ कनेक्टर हाताने लावावा लागतोच, म्हणून तो नीट शिकून घ्या.

आवरण तीनेक सेंटीमीटर सोला, आतल्या तारांना पातं लागू देऊ नका. आत चार पिळलेल्या जोड्या दिसतील: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्यांची जोडीदार. पीळ सोडा. तारा चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवत सरळ करा आणि डावीकडून असा क्रम लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आता चिमटी न सोडता टोकं एका रेषेत कापा, आवरणाबाहेर जेमतेम सव्वा सेंटीमीटर उरेल अशी. कनेक्टरची खिटी खाली, सोनेरी दात वर, असं धरून तारा आत सरकवा. समोरच्या पारदर्शक टोकातून तांब्याचे आठ ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले तर बाहेर काढा, पुन्हा करा. आवरणही थोडं आत गेलं पाहिजे, कारण मागचा दाब आवरणाला धरतो. तारांना धरलं तर चार दिवसांत निसटतात. मग क्रिंपिंग टूलमध्ये, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायच्या पकडीत, घालून जोर लावा.

क्रमात निळ्याच्या दोन तारा हिरव्याच्या मध्ये घुसलेल्या आहेत, हे खटकलं ना? मलाही खटकलं होतं. पहिल्याच केबलला मी ‘नीटनेटका’ क्रम लावला: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी, सगळ्या शेजारीशेजारी. दोन्ही टोकांना तोच क्रम, मग बिघडलं कुठे? केबल तपासायच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. संगणक मात्र कधी १०० एमबीपीएसवर यायचा, कधी जोडणीच सोडायचा. दोन दिवस मी स्विचला शिव्या घातल्या.

कारण असं: तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी असते. एका जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणूनच बाहेरची खरखर दोघींवर सारखी येते आणि पलीकडच्या टोकाला वजा होते. माझ्या केबलमध्ये तिसरी पिन हिरव्या जोडीत होती आणि सहावी निळ्या. पीळ एकीचा, बोलणं दुसरीशी. साधा टेस्टर फक्त तार पोहोचली का ते सांगतो, कुणाच्या सोबतीने पोहोचली ते नाही.

आणखी एक खूण: गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसला तर बहुतेक वेळा एखादी तार बसलेली नसते.

जोडणी

ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर ओएनटीतून केबल राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, पोर्टात. राउटरच्या लॅन, म्हणजे घराकडच्या, पोर्टातून स्विचमध्ये. स्विचमधून टीव्ही, संगणक, दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट. आधी ओएनटी सुरू करा, त्याचे दिवे स्थिरावले की राउटर, मग बाकीचं.

एक चूक मात्र करू नका: एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. साफसफाई करताना मोकळं लोंबणारं टोक दिसतं, हात आपोआप ते रिकाम्या पोर्टात खोचतो, आणि क्षणात सगळे दिवे एका लयीत थरथरायला लागतात. इथरनेटच्या, म्हणजे वायरवरच्या नेटवर्कच्या, पाकिटाला (माहितीच्या तुकड्याला) आयुष्याची मर्यादा नसते. ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेलं पाकीट त्या वळशात फिरतच राहतं, वाढत राहतं, आणि घरभराचं नेटवर्क गुदमरतं. इंटरनेट गेलं म्हणून तक्रार करण्याआधी स्विचकडे एक नजर टाका.

राउटरची सेटिंग

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, डब्याखालच्या स्टिकरवर असतो. पहिलं काम अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचं. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. दुसरं काम फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटण्याचं काम डीएचसीपी करतं, आणि एका नेटवर्कवर हे काम एकानेच करायचं असतं. जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरणार असाल तर त्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ शोधा. तो नसेल तर हाताने करा: आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा, मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा द्या; मग त्यातलं डीएचसीपी बंद करा; आणि स्विचकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टात घाला. मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्या टप्प्यात हा .२ येत नाही ना, तेही बघा. वॅनमध्ये केबल घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात: इंटरनेट चालतं, पण या खोलीतल्या फोनला त्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही. कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावल्यावरही हाच दुहेरी प्रकार होतो. तिथे कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल, किंवा स्वतःच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट करा.

प्रिंटर, नॅस आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर यांना राउटरमधूनच कायमचे पत्ते राखून ठेवा. प्रत्येक उपकरणात जाऊन हाताने पत्ते भरणं हा नंतर डोकेदुखी होणारा उद्योग आहे.

आता हवा

राउटर कपाटात, टीव्हीमागे किंवा जमिनीवर ठेवू नका. उंचावर, मोकळा, घराच्या मध्याकडे. धातूचं कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सळयांचं काँक्रीट हे सिग्नलचे चार शत्रू. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा, आजूबाजूला पसरतो; वरच्या मजल्यावर पोहोचवायचा असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

२.४ गिगाहर्ट्झचा बँड लांब जातो पण सावकाश, आणि शेजाऱ्यांची वायफायं, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच गर्दीत. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यापैकीच घ्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ८ घेतलं तर दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण भिंतीला बिचकतो. तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदी चालते. ५२ ते १४४ मधले चॅनेल बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की डब्याला चॅनेल सोडावा लागतो, आणि सुरू होतानाही तो आधी मिनिटभर ऐकत बसतो. राउटर चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झ उशिरा दिसला तर घाबरू नका.

दोन्ही डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच द्या, चॅनेल मात्र वेगवेगळे. कोणत्या डब्याला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो, आणि काही फोन जुन्या डब्याला फार चिकट असतात. अशा वेळी डब्यांची २.४ ची शक्ती थोडी कमी करा. पूर्ण ताकदीवर ओरडणारे दोन डबे बरे नव्हेत.

वायफायच्या सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए ३ निवडा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए २ एईएससह. डब्ल्यूईपी हा जुना पर्याय २००१ पासून फुटलेला आहे, त्याला हात लावू नका. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय, बंद करा. पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट दिवे-प्लगांसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा. हे दिवे बहुधा फक्त २.४ वरच चालतात, त्यामुळे जोडताना सापडत नसतील तर फोनही तात्पुरता २.४ वर न्या.

तपासणी

आधी घरातला वेग मोजा, इंटरनेटचा नंतर. वायरवरच्या दोन संगणकांवर आयपर्फ ३ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम चालवा. ९४० एमबीपीएसच्या आसपास आलं तर गिगाबिटची केबल अगदी सुदृढ. पूर्ण १००० कधीच दिसत नाही, थोडा भाग पाकिटांच्या वेष्टणातच जातो. फाइल कॉपी करताना दिसतात ते मेगाबिट नव्हे, मेगाबाइट, आणि एका बाइटात आठ बिट, म्हणून आकड्याला ८ ने गुणायला विसरू नका.

काही अडलं तर पायरीपायरीने पुढे जा. पिंगने, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते बघणाऱ्या आज्ञेने, आधी राउटर गाठा. तो उत्तर देत नसेल तर दोष तुमच्या आणि राउटरच्या मध्ये, म्हणजे केबल, स्विच किंवा वायफायमध्ये. तो बोलतोय पण ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता बोलत नसेल तर दोष राउटरपासून बाहेर. तेही बोलतंय पण वेबसाइट उघडत नसेल तर नावाचा पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलंय. आणि संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर त्याला डीएचसीपी सापडलेलंच नाही: केबल काढून घाला, दुसऱ्या पोर्टात घाला, मग केबलच बदला. मी सेटिंगमध्ये शिरण्याआधी नेहमी हे तीन उपाय करते.

शेवटी तो सुरुवातीचा नकाशा काढा, त्यावर केबलींचे क्रमांक, डब्यांचे पत्ते आणि चॅनेल लिहा, आणि राउटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड तेवढे त्यावर लिहू नका.